माळ भाड्यानं द्या म्हणणाऱ्यांनो, करार वाचलाय का?

माळावरचा
काल एका भाऊंनी इथं लिहिलं की कोल्हापूरकरांनी उसाचा नाद सोडावा, सौर-पवन-बॅटरीवाल्या कंपनीला जमीन तीस वर्षांसाठी द्यावी आणि पारावर बसून भाडं खावं. वाचून डोकंच फिरलं.

विजेला माझा विरोध नाही. रात्री बाराला टॉर्च घेऊन उसात पाणी पाजायला जाणाऱ्याला दिवसाची लाइट नको असेल का? पण भाऊंनी भाडं सांगितलं, कराराचं एक कलम सांगितलं नाही. सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ ठरलेली आहे. खाजगी प्रकल्पात एजंट सांगेल तो भाव. भावकीतल्या एकाकडं आलेला मसुदा मी वाचला. पहिली काही वर्षं जमीन नुसती अडकवून ठेवायची, हातावर टोकन. तोवर विहीर काढायची नाही, विकायची नाही. प्रकल्प झाला तर भाडं, नाही झाला तर राम राम. भाडेपट्टा बँकेकडं तारण ठेवायला तुमची संमती आधीच घेतलेली. आणि मुदत संपल्यावर पवनचक्कीच्या पायातलं शेकडो टन काँक्रीट कोण उपसणार, त्यावर अक्षर नाही.

सर्किट_वायरमन
कराराचं पटलं. पण प्रकल्पालाच शिव्या घालू नका. मागणी चढते संध्याकाळी, तेव्हा ऊन गेलेलं असतं. आपल्याकडं वारं जोरात जून ते सप्टेंबर, नेमकं आभाळ भरलेलं असतं तेव्हा. म्हणून दोन्ही एकाच उपकेंद्राला जोडायचं, दुपारची जादा वीज बॅटरीत भरायची आणि दिवेलागणीला सोडायची. एका मेगावॅट सौरला चार-पाच एकर जातं, ते खरं. पवनचक्कीला मात्र पाया, रस्ता आणि क्रेन उभी राहील एवढीच जागा. साताऱ्यात चाळकेवाडीला जाऊन बघून या.

उसाचं_पाचट
बघितलंय. आणि कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगला जानेवारी २०२५ मध्ये बॅटऱ्या पेटल्या, लोकांना घरं सोडायला लागली, ते तुम्ही बघितलंय का? आमच्यात फड पेटला तर बंब येईस्तोवर राख होते.

सर्किट_वायरमन
त्या बॅटऱ्या बंद इमारतीत होत्या आणि निकेल-कोबाल्टच्या. आता लोह-फॉस्फेटच्या येतात, उघड्यावर, कंटेनरमध्ये अंतर राखून. पेटतच नाहीत असं म्हणत नाही. फडाला लागून ठेवू नयेत, एवढं तुमचं मान्य. खूश?

गडहिंग्लजचा_भावा
ऊस, ऊस काय लावलंय लगा? २०२५-२६ च्या हंगामाला एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान दर, टनाला ३,५५० होती, तीही १०.२५ टक्के साखर उताऱ्याला. तोडणी-वाहतूक वजा करा, काट्यावर किती मारतात ते बोलायलाच नको. वर पीक उभं वर्ष-सव्वा वर्ष. पाण्याखालच्या रानाला हे परवडतंय. मुरमाड माळाला, जिथं सोयाबीनसुद्धा पावसाच्या मर्जीवर, तिथं एकरी पन्नास हजार कोण देतंय?

लेक_कागलची
भाडं कुणाच्या खात्यावर जाणार, हे कुणीच विचारलं नाही. सात-बारावर नाव असेल त्याच्या. आमचे वडील गेले, वारस नोंद करायची म्हणून भावांनी आम्हा दोघी बहिणींना बोलावलं. मी सही केली, ती हक्कसोडपत्रावर. थोरली बाळंतपणात होती म्हणून तिची राहिली. आता कंपनीच्या वकिलानं जमिनीच्या मालकीचा मागच्या तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढला आणि थोरलीचं नाव निघालं. वीस वर्षांत राखीला न फिरकलेला भाऊ साडी आणि पेढे घेऊन दारात हजर.

उसाचं_पाचट
चर्चा सोलरची चाललीय, बहिणी कुठनं आल्या? लग्नात दिलं ते काय कमी होतं? आईवडिलांचं दुखणं-खुपणं आम्हीच काढायचं आणि पैसा दिसला की वाटेकरी हजर.

लेक_कागलची
आईला शेवटची अडीच वर्षं मी सांभाळलं, दादा. सुनांनी नाही. आणि लग्नाचा हिशेब काढायचाच तर भावाच्या वरातीचा पण काढा.

माळावरचा
ताईंचा मुद्दा विषयाला धरूनच आहे. महाराष्ट्रात १९९४ सालीच हिंदू वारसा कायद्यात मुलींच्या हक्काची दुरुस्ती झाली, देशभर २००५ ला. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की वडील २००५ ला हयात नसले तरी मुलीचा वडिलार्जित जमिनीत हक्क आहे. वारसाची एक सही कमी असेल तर कुठली बँक त्या प्रकल्पाला कर्ज देणार?

उसाचं_पाचट
व्हय, आता बहिणींना पाव्हणचार करून बँकेचं समाधान करायचं! आमच्या आजोबांनी कुळकायद्यात जमीन वाचवायला कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. कुणाला कसायला दिली की गेली, ही धास्ती रक्तात आहे आमच्या. कंपनी तर तीस वर्षं बसणार.

सर्किट_वायरमन
अहो, नोंदणीकृत भाडेपट्ट्यानं मालकी जात नाही. कंपनी कूळ लागत नाही.

उसाचं_पाचट
हे तुम्ही स्टॅम्पपेपरवर लिहून द्या, मग बोलू.

गडहिंग्लजचा_भावा
तुमची किती एकर माळाची आहे, सांगाल का?

उसाचं_पाचट
दोन. कुसळाशिवाय काही उगवत नाही. आणि एजंट दोनदा येऊन गेला, लपवत नाही. पाया उपसायची रक्कम कंपनीनं आधी बँकेत ठेवली आणि टोकनची मुदत एक वर्ष केली, तर विचार करीन. वकील शोधतोय.

लेक_कागलची
माझ्या थोरलीची मुलगी वकील आहे. फी घेईल, पण कलम न् कलम वाचून देईल. फक्त जाताना तुमच्या बहिणींची नावं लिहून न्या. ती पहिलं तेच विचारते.