शब्दचर्चा: ‘युनियनिस्ट’ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा

मंडळी, एका दिवाळी अंकासाठी उत्तर आयर्लंडच्या राजकारणावर लेख लिहून दिला. १९९८ च्या शांतता करारानंतर तिथला मतदार कुठून कुठे सरकला, एवढाच विषय. ‘राष्ट्रवादी पक्षांची मतं’ असं मी लिहिलं होतं, तर पान लावणाऱ्या मुलाने शेजारी घड्याळाचं चित्र टाकलं. प्रूफ माझ्याकडे आलं म्हणून वाचलो. त्याला तरी काय बोलणार? मराठीत ‘राष्ट्रवादी’ म्हटलं की आधी घड्याळच दिसतं, आणि हल्ली तर पाठोपाठ ‘कुठल्या गटाचं?’ असंही विचारतात.

तर अडलंय ते असं. तिथे एक बाजू नॅशनलिस्टांची: आयर्लंड बेट एक व्हावं म्हणणारे. दुसरी युनियनिस्टांची: ब्रिटनबरोबरच राहायचं म्हणणारे. आणि मध्ये अलायन्स नावाचा पक्ष. मी सध्या राष्ट्रवादी, एकीकरणवादी आणि मध्यममार्गी असं लिहिलंय. ‘स्विंग’साठी ‘मतांचा कल’. चारही शब्द खटकतायत. सुचवा.

पुण्याहून

युनियन म्हणजे संघ. मग ‘संघवादी’ का नको? सोपा आहे.

विचारणाऱ्याकडून

सोपा आहे, पण वाचक बेलफास्टला जायचा तो थेट नागपूरला उतरेल. ‘संघराज्यवादी’ही करून पाहिला. त्याचा अर्थ राज्यांना जास्त अधिकार मागणारा असा होतो, तो तर भलतीकडेच गेला.

बेळगावहून

दादा, ‘एकीकरणवादी’ आधी खोडा. नुसता चुकीचा नाही, चक्क उलटा आहे. आमच्याकडे एकीकरण म्हटलं की लहान पोरालाही समजतं: मधली सीमा पुसायची आणि आपल्या माणसांत जायचं. महाराष्ट्र एकीकरण समितीचं नावच ते. आता तिकडे बघा. सीमा पुसायची कुणाला आहे? नॅशनलिस्टांना. १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली, अल्स्टर प्रांताच्या नऊ परगण्यांपैकी सहा ब्रिटनकडे ठेवले, ती रेघ त्यांना नको आहे. युनियनिस्टांना ती हवी आहे. म्हणजे तुमचा लेख मी बेळगावात वाचला तर पहिल्या पानापासून सगळ्या मतांची बेरीज चुकीच्या खात्यात मांडत बसेन.

आणि एक. होमरूल हा शब्द मराठी माणसाला परका नाही. टिळकांनी होमरूल लीग काढली ती आमच्या बेळगावात, एप्रिल १९१६ मध्ये. शब्द आयर्लंडकडूनच आलेला. त्याच महिन्यात डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव झाला. आपण शाळेत होमरूल शिकलो, पण आयर्लंडात होमरूलला विरोध करणारे कोण होते, ते कुणी शिकवलं नाही. तेच हे युनियनिस्ट. १८०१ पासून ब्रिटन आणि आयर्लंड यांचं जे ‘युनियन’ झालं होतं, ते मोडू नये म्हणून सप्टेंबर १९१२ मध्ये जवळपास पावणेपाच लाख बायकापुरुषांनी प्रतिज्ञापत्रांवर सह्या केल्या. त्यामुळे मी तर ‘युनियनवादी’ असंच ठेवीन आणि पहिल्यांदा शब्द येईल तिथे ‘ब्रिटनशी जोडलेलं राहू म्हणणारे’ एवढं लिहीन. ते युनियन हे विशेषनाम आहे. विशेषनामाचं भाषांतर कशाला?

पुण्याहून

‘युनियनवादी’ म्हणजे गिरणी कामगार वाटतात, पण ठीक.

बेलफास्टहून

इथे सात वर्षं राहतोय, म्हणून थोडी भर घालतो. बेळगावच्या काकांचं म्हणणं सोळा आणे खरं. त्यात ‘राष्ट्रवादी’ची गोमही सांगतो. आपल्याकडे राष्ट्रवादी म्हणजे आहे त्या देशाचा, आहे त्या झेंड्याचा अभिमानी. इथला नॅशनलिस्ट आहे त्या राज्याच्या बाहेर पडू पाहतो. त्याचं राष्ट्र वेगळं, तो राहतो ते राज्य वेगळं. मराठी वाचक नकळत त्याला सरकारच्या बाजूला बसवतो. म्हणून ‘आयरिश राष्ट्रवादी’ असं दोन शब्दांत लिहा, प्रत्येक वेळी. घड्याळाचा त्रासही वाचेल.

‘रिपब्लिकन’ हा शब्दसुद्धा येईल, तो जपून वापरा. इथे तो जास्त कडव्या आयरिश राष्ट्रवाद्यांना लागतो, शिन फेन पक्षवाल्यांना. आपल्याकडे त्याचा अर्थ रिपाइं, आणि मग आठवले, गवई, कवाडे. उलट ‘लॉयलिस्ट’ला मराठीत आयता शब्द आहे: राजनिष्ठ. इंग्रजांच्या काळात तो किती सोज्वळ वाटायचा आणि टिळकांच्या माणसांनी त्याची किती टिंगल केली, ते सगळे रंग इथे कामी येतात. फक्त इथल्या राजनिष्ठांत हत्यारबंद टोळ्याही होत्या, तेवढं सांगावं लागेल.

रंगांचंही बघा. हिरवा आयरिश राष्ट्रवाद्यांचा आणि ऑरेंज युनियनवाद्यांचा, १६९० मध्ये बॉइनच्या लढाईत जिंकलेल्या विल्यम ऑफ ऑरेंजवरून. तिथे हौसेने ‘भगवा’ लिहू नका.

नाशिकहून

मला ‘कल’बद्दल बोलायचंय. कल हा एका बाजूकडून दुसरीकडे जातो, तराजूसारखा. तिथे तसं होतं का? युनियनवाद्याचं मत आयरिश राष्ट्रवाद्याला जातं का?

बेलफास्टहून

ताई, नेमकं बोललात. फार क्वचित जातं. इथे मत भिंत ओलांडत नाही, घरातल्या घरात खोली बदलतं. आणि त्यासाठी मराठीत इतके तयार शब्द आहेत की इंग्रजीवाल्यांना हेवा वाटावा: जहाल आणि मवाळ. दोन्ही घरांत एकेक जहाल, एकेक मवाळ. आयरिश राष्ट्रवाद्यांत मवाळ एसडीएलपी, जहाल शिन फेन. युनियनवाद्यांत मवाळ यूयूपी, जहाल डीयूपी. १९९८ च्या पहिल्या विधानसभेत यूयूपीला २८ आणि एसडीएलपीला २४ जागा, म्हणजे दोन्हीकडे मवाळ पुढे. नोबेलसुद्धा त्या वर्षी याच दोन पक्षांच्या ट्रिंबल आणि ह्यूम यांना मिळालं. पाचच वर्षांनी, २००३ मध्ये, डीयूपी ३० आणि शिन फेन २४. दोन्हीकडे जहालांनी मवाळांना मागे टाकलं, आणि तरी एका घरातून दुसऱ्या घरात जवळजवळ कुणीच गेलं नाही! याला तुम्ही ‘कल’ म्हणाल तर वाचकाला काहीच कळणार नाही.

विचारणाऱ्याकडून

मग २०२२ चं काय? ‘शिन फेनची मुसंडी, राष्ट्रवाद्यांकडे कल’ असं मी उपशीर्षक दिलंय.

बेलफास्टहून

ते काढाच. आकडे मांडून बघा. २०१७ मध्ये शिन फेनच्या जागा २७. २०२२ मध्येही २७. मुसंडी कसली? खाली आला तो डीयूपी, २८ वरून २५ वर. म्हणून शिन फेन पहिला ठरला. आणि घरांची बेरीज केलीत तर आणखी गंमत आहे. ९० जागांच्या सभागृहात आयरिश राष्ट्रवादी सगळे मिळून ३९ होते ते ३५ झाले. युनियनवादी ४० होते ते ३७. जे कुठल्याच घरात नाहीत ते ११ वरून १८ वर गेले. ‘राष्ट्रवादी जिंकले’ म्हणून जगभर बातम्या लागल्या त्या वर्षी त्यांच्या एकूण जागा चारने कमी झाल्या होत्या.

डीयूपीची मतं गेली कुठे, तर बरीचशी आणखी जहाल टीयूव्ही पक्षाकडे. ब्रेक्झिटनंतर ब्रिटन आणि उत्तर आयर्लंडच्या मधल्या समुद्रात व्यापाराची सीमा आली, ती डीयूपीने येऊ दिली म्हणून राग. टीयूव्हीची मतं २.६ टक्क्यांवरून ७.६ वर गेली.

नाशिकहून

७.६ टक्के, मग जागा किती?

बेलफास्टहून

एक. आणि ९.१ टक्केवाल्या एसडीएलपीला आठ.

नाशिकहून

हे कोडं मला सुटलं बघा, कारण मी शिक्षक मतदारसंघातली जुनी मतदार. तिथे आपल्याला शिक्का नसतो. केंद्रावर जांभळं स्केचपेन देतात आणि नावांपुढे १, २, ३ असे आकडे घालायचे. स्वतःचं पेन वापरलंत की मत बाद. मराठी पेपरांनी त्यासाठी भाषा केव्हाच घडवलीय: पहिल्या पसंतीची मते, दुसऱ्या पसंतीची मते, कोटा पूर्ण होणे, बाद फेरी. विधान परिषद आणि राज्यसभेच्या प्रत्येक निवडणुकीत रात्री उशिरापर्यंत हेच शब्द टीव्हीवर चालतात. उत्तर आयर्लंडात पद्धत त्याच जातीची दिसते. टीयूव्हीला पहिली पसंती मिळाली, पण दुसऱ्यांच्या मतपत्रिकांवर त्यांच्यापुढे २ किंवा ३ घालायला हात धजला नाही. बरोबर?

बेलफास्टहून

अगदी बरोबर. एका मतदारसंघातून पाच जण निवडायचे, म्हणजे निवडून यायला लागणारा कोटा साधारण मतांच्या सहाव्या हिश्शाचा. कॉमनवेल्थचा नागरिक म्हणून मलाही मत आहे. मे २०२२ मध्ये शाळेतल्या त्या लाकडी खोपटात दोरीला बांधलेली आखूड पेन्सिल घेऊन उभा होतो. १ घातला आणि २ पाशी अडलो. खरं राजकारण त्या २ मध्ये असतं. अलायन्सला १३.५ टक्के मतांत १७ जागा मिळाल्या त्या अशाच दोन्हीकडच्या खालच्या पसंत्यांवर. ‘ट्रान्सफर’ला ‘हस्तांतरण’ लिहू नका, जमिनीचा सातबारा वाटतो. ‘दुसऱ्या पसंतीची मते वळली’ हे पुरेसं आहे.

लंडनच्या संसदेला मात्र सरळ एकच फुली. तिथे आपला ‘मतफूट’ शब्द जसाच्या तसा लागू होतो. फर्मना आणि साउथ टायरोनमध्ये २०१० साली शिन फेन चार मतांनी जिंकला. चार! तेव्हा मतफूट टाळायला युनियनवाद्यांनी दोन पक्षांत मिळून एकच अपक्ष उभा केला होता, तरीही. आणि २०२४ मध्ये नॉर्थ अँट्रिम, जी जागा १९७० पासून पेझ्ली बापलेकांकडे होती, ती टीयूव्हीच्या ॲलिस्टर यांनी ४५० मतांनी घेतली. दोन्ही युनियनवादीच. त्या बातमीत ‘युनियनवाद्यांना धक्का’ असं लिहिलं तर अर्धसत्य होईल. धक्का आतून होता.

बेळगावहून

आम्ही याला ‘घरच्या भांडणात शेजाऱ्याचं फावणं’ म्हणतो. समितीचे दोन उमेदवार समोरासमोर उभे राहिले की दर वेळी हेच.

पुण्याहून

आता अलायन्सचं काय? मला ‘कुंपणावर बसलेले’ आवडतं.

नाशिकहून

ते इंग्रजी कुंपण आहे हो. आपल्याकडे काठावर बसतात, किंवा तळ्यात-मळ्यात करतात.

बेलफास्टहून

आणि दोन्ही अन्यायाचे. तळ्यात-मळ्यात करणारा खेळात आहे, कधी या उडीवर कधी त्या. अलायन्स म्हणतो, तळं-मळं हा खेळच आम्हाला नको. ‘मध्यममार्गी’ म्हणजे डावं-उजवं यांच्या मधला, तोही बसत नाही, कारण इथली रेघ डाव्या-उजव्याची नाहीच. ‘तटस्थ’ जवळचा आहे, पण त्यात थंडपणा येतो. २०१० मध्ये नेओमी लाँग यांनी ईस्ट बेलफास्टमध्ये डीयूपीच्या नेत्याला, जो तेव्हा फर्स्ट मिनिस्टर होता, पाडलं. हे काही थंडपणाचं काम नव्हे. मी ‘दोन्हीपासून अलग’ लिहीन.

यात कायद्याचाही एक पेच आहे. निवडून आलेल्या प्रत्येकाला सभागृहात नोंद करावी लागते: युनियनिस्ट, नॅशनलिस्ट की अदर. हे ‘अदर’ मराठीत ‘इतर’ होतं आणि आपल्या निकालाच्या तक्त्यात ‘इतर’ म्हणजे केरसुणीने गोळा केलेले. इथे तो अधिकृत कप्पा आहे, आणि काही महत्त्वाच्या ठरावांत दोन्ही बाजूंचं वेगवेगळं बहुमत लागतं तेव्हा ‘इतर’च्या मताचं तेवढं वजन पडत नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये ट्रिंबल पुन्हा फर्स्ट मिनिस्टर म्हणून निवडून यावेत यासाठी अलायन्सच्या तीन आमदारांनी कागदोपत्री स्वतःला युनियनिस्ट लावून घेतलं! याला काय म्हणाल, पक्षांतर?

बेळगावहून

पक्ष बदलला नाही, पाटी बदलली. पाटीबदल म्हणा.

विचारणाऱ्याकडून

पाटीबदल घेतला. आयरिश राष्ट्रवादी, युनियनवादी, ‘दोन्हीपासून अलग’, जहाल-मवाळ, पसंतीची मते, हे सगळं उचललं. उपशीर्षक आता ‘मतं घरातल्या घरात हलली, थोडी घराबाहेर पडली’ असं केलंय. संपादकांना लांब वाटतंय.

शेवटचं एक. शिन फेनच्या मिशेल ओ’नील फर्स्ट मिनिस्टर आणि डीयूपीच्या एमा लिटल-पेंगेली डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर, फेब्रुवारी २०२४ पासून. मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री लिहू ना?

बेलफास्टहून

नको. दोघींचे अधिकार समसमान आहेत. एकीने राजीनामा दिला की दुसरीचीही खुर्ची जाते.

नाशिकहून

मग महाराष्ट्रातल्या वाचकाला ‘उपमुख्यमंत्री’ म्हणून कसं पटायचं!

पुण्याहून

जोडमुख्यमंत्री?

बेळगावहून

जोडकाम, जोडरस्ता, जोडशब्द असतो, मग जोडमुख्यमंत्री का नको. पण पान लावणाऱ्या पोराला आधीच सांगून ठेवा, नाहीतर लग्नाचा फोटो टाकेल.