कुणीच बघत नसेल तर?

रात्रपाळी

देव आहे की नाही, या वादासाठी हा धागा काढलेला नाही. माझा प्रश्न त्या वादानंतर सुरू होतो.

वडिलांना अल्झायमर आहे आणि आजार बराच पुढे गेलाय. दिवसा मदतीला माणसं असतात, रात्र माझी. त्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही, म्हणून दर दोन-तीन तासांनी गजर लावून उठते. अंगाखालची आडवी चादर धरून त्यांना माझ्या बाजूला ओढायचं, कुशीवर वळवायचं, पाठीशी एक उशी, गुडघ्यांच्या मध्ये एक, आणि टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली एक. मग बॅटरीच्या उजेडात माकडहाड आणि टाचा बघायच्या. लालसर डाग दिसला तर बोटाने दाबायचा. दाबल्यावर फिका पडला तर ठीक. तसाच राहिला तर जखम व्हायला सुरुवात झाली असं समजायचं. सावळ्या कातडीवर रंग नीट कळत नाही, म्हणून हात फिरवून तिथली जागा गरम लागते का, घट्ट लागते का, तेही बघायचं. एवढ्यात ते बऱ्याचदा घाबरतात. कठडा घट्ट पकडतात, मला ढकलतात, "कोण तू? सोड मला" म्हणतात. सकाळी यातलं त्यांना काहीही आठवत नाही.

मी अनेक वर्षं मनापासून श्रद्धाळू होते. ती श्रद्धा वडिलांच्या आजारपणामुळे गेली नाही. त्याच्या कितीतरी आधी, कुणावरही न रागावता, हळूहळू सुटली. स्वर्ग, पुनर्जन्म, शेवटी मिळणारा न्याय, यांतलं काही गेल्याचं मला दुःख नाही. एकच गोष्ट गेली ती मात्र जाणवते: कुणीतरी बघतंय, ही खात्री. पूर्वी रात्री तीन वाजता मी जे केलं असतं ते निदान एकाला तरी ठाऊक असतं. आता कुणालाच नाही. ज्यांच्यासाठी करते त्यांनाही नाही. माझा व्यवसाय ऑडिटचा. पावती नसलेला खर्च झालाच नाही असं धरायची सवय हाडीमाशी खिळलेली आहे, आणि रात्री ती सवय फार छळते.

निष्काम कर्म कृपया सांगू नका. मला फळ नकोच आहे. अर्जुनाला फळाची आशा सोडायला सांगितली खरी, पण सांगणारा त्याच्याच रथावर बसून सगळं बघत होता. माझ्या रथावर कुणी नाही. आणि इथे लिहिलं म्हणजे आता आम्हाला कळलं, असंही म्हणू नका. त्याने उद्याच्या रात्रीत फरक पडत नाही.

ज्यांची श्रद्धा सुटली, किंवा कधी नव्हतीच, त्यांनी या रिकाम्या जागेचं काय केलं?

ओंजळ

मी श्रद्धाळू आहे, म्हणजे प्रश्न मला नाही. तरी एका गोष्टीवर बोलतो.

श्रद्धा असलेल्याला कुणीतरी बघत असल्याचं सतत जाणवतं, असं तुमच्या लिहिण्यातून वाटतं. माझा अनुभव तसा नाही. मी रोज प्रार्थनेला बसतो आणि बहुतेक दिवस समोर काहीही नसतं. पूर्वी वाटायचं, कमी माझ्यातच असावी. मग 2007 साली मदर तेरेसांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. काम सुरू केल्यानंतर जवळजवळ शेवटपर्यंत, म्हणजे काही दशकं, देव जवळ असल्याची जाणीव त्यांना होत नव्हती, हे त्या पत्रांत आहे. त्यांच्या कामाबद्दल टीका आहे, ती मला माहीत आहे, तो विषय वेगळा. मला धक्का याचा बसला की ज्या बाईला जग श्रद्धेची मूर्ती मानत होतं, तिच्या रात्रीही तुमच्यासारख्याच होत्या.

दुसरा माणूस पास्कल, गणितातला. 23 नोव्हेंबर 1654 च्या रात्री त्याला जवळजवळ दोन तास फार तीव्र अनुभव आला. तो त्याने लिहून काढला आणि तो मजकूर कोटाच्या अस्तरात शिवून टाकला. 1662 मध्ये तो वारल्यावर नोकराला तो सापडला. आठ वर्षं कुणाला न सांगता तो हे अंगावर वागवत होता. इतका लख्ख अनुभवही मनात आपोआप टिकत नसणार, म्हणूनच तो शिवून ठेवावा लागला, असं मला वाटतं.

आपल्याकडचे संत देवाशी भांडले, रुसले, तू आहेस तरी कुठे म्हणून त्याला धारेवर धरलं. ते सगळं आपण आज गोड सुरात गातो, त्यामुळे त्यातली तगमग कानाआड होते. आपल्याला कुणी बघत नाही, ही भावना श्रद्धेच्या आतसुद्धा असते, एवढंच मला म्हणायचं होतं.

निमित्त

मी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसोबत काम करते. तत्त्वज्ञान मला जमत नाही, पण तुमच्या एका वाक्यावर थांबले: "ज्यांच्यासाठी करते त्यांनाही नाही." हे पूर्ण खरं नाही.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठात अल्झायमरच्या रुग्णांवर एक अभ्यास झाला, 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांना आधी दुःखी आणि नंतर आनंदी प्रसंगांच्या चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळाने विचारलं तर काय पाहिलं ते त्यांना जवळजवळ सांगता येईना. पण मनःस्थिती तशीच राहिली होती. आठवण गेली तरी उदासी किंवा बरं वाटणं मागे रेंगाळलं. अभ्यास लहान होता, पण आम्ही रोज जे बघतो त्याच्याशी तो जुळतो. नातेवाईक भेटून जातात, पाच मिनिटांनी कुणी आलं होतं हे रुग्णाला माहीत नसतं, आणि तरी दुपारभर तो शांत असतो.

याहून जुनं उदाहरण स्विस डॉक्टर क्लापारेदचं आहे, 1911 चं. त्यांच्या एका रुग्ण बाईंना नवीन काहीच लक्षात राहत नसे. डॉक्टरांनी एकदा बोटांत टाचणी लपवून त्या बाईंशी हात मिळवला. पुढच्या वेळी त्या बाई डॉक्टरांना ओळखत नव्हत्या, पण हात पुढे करायला तयार झाल्या नाहीत. का, तेही त्यांना सांगता येईना. प्रयोग निर्दय होता. पण टाचणीची खूण जर अशी उरत असेल, तर मायेने धरलेल्या हाताची उरत नाही, असं मी तरी मानणार नाही.

एक व्यवहारातली गोष्ट. ढकलणं बहुतेक वेळा भीतीपोटी असतं. वळवण्याआधी समोरून, त्यांच्या नजरेच्या पातळीवर येऊन बोला. मग तळहात खांद्यावर नुसता ठेवून थोडं थांबा, आणि मगच चादरीला हात घाला. उजेड डोळ्यांवर नको. रोज तीच वाक्यं, त्याच क्रमाने.

रात्रपाळी

निमित्त, तुमची शेवटची सूचना गेल्या काही रात्री करून बघितली. कठडा पकडणं थांबलं नाही, पण ढकलणं कमी झालंय. मनापासून आभार.

पण माझा प्रश्न त्याने सुटत नाही. मी साक्षीदार मागितला, तुम्ही मला परिणाम दिलात. परिणाम मौल्यवानच आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण समजा उद्या तोही उरला नाही. शेवटी असे दिवस येतात की स्पर्श आत पोचतो की नाही हेही कळत नाही. तेव्हाही मी उठणारच आहे. का उठणार आहे, ते मला समजून घ्यायचंय.

ओंजळ, पास्कलचं ठाऊक नव्हतं. तुमची प्रार्थना रोज रिकामी जाते म्हणता, तरी बसता. बसल्यावर करता काय?

तळघर

मी श्रद्धा नसलेल्या घरात वाढलो, त्यामुळे तुम्ही म्हणता ती रिकामी जागा माझ्याकडे कधी नव्हती. म्हणून कदाचित माझं बोलणं परकं वाटेल.

मला वाटतं, कुणी बघितल्याने कामाला अर्थ येतो हे गृहीतकच तपासायला हवं. आयुष्याची पहिली तीनेक वर्षं जवळजवळ कुणालाच आठवत नाहीत. बहुतेकांची पहिली आठवण त्याच सुमाराची असते. म्हणजे जगात आज जिवंत असलेल्या प्रत्येक माणसासाठी कुणीतरी रात्र रात्र जागलंय, आणि ज्याच्यासाठी जागलं त्याला त्यातली एकही रात्र माहीत नाही. जागणाऱ्यालाही सगळ्या रात्री आठवत नाहीत, त्या एकमेकींत मिसळून जातात. मी परतफेडीबद्दल बोलत नाही. वडिलांनी तुमचं केलं म्हणून तुम्ही त्यांचं करा, हा हिशेब मला पटत नाही. सगळ्यांचे वडील तसे नसतात. मी एवढंच म्हणतोय की माणूस म्हणून आपण ज्या कामामुळे टिकलो, त्यातलं बहुतेक काम बिनसाक्षीचं आहे. त्याची नोंद कुठेच नाही आणि त्यामुळे ते खोटं ठरलं नाही.

आयुष्याचा उद्देश काय, असं मला कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. पण आत्ता या क्षणी या माणसाला काय हवंय, याचं उत्तर बहुतेक वेळा असतं. मला तेवढ्यावर जगता येतं. तुम्हाला येईल असा दावा नाही.

रात्रपाळी

तळघर, तुमचं बोलणं परकं नाही वाटलं. माझ्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ तुम्ही आलात.

मी दोन गोष्टींची गल्लत करत होते असं नाही, पण त्या एकमेकींना इतक्या चिकटल्या होत्या की वेगळ्या करून बघायची वेळच आली नव्हती. बघणारा होता तेव्हा तो माझं काम चांगलं ठरवत नव्हता, तो फक्त माझ्या सोबतीला होता. काम तेव्हाही टाचेवरच्या डागावरच ठरत होतं. दाबल्यावर डाग फिका पडला, की त्या रात्रीपुरती कातडी शाबूत, आणि ही गोष्ट कुणाला कळो न कळो, खरीच आहे. उठण्याचं कारण मला तिथे सापडतंय असं वाटतं. सोबत मात्र नाही सापडत. ती उणीव आहे, आणि ती मी युक्तिवादाने भरून काढणार नाही. बहुधा त्यासाठी जिवंत माणूसच लागेल. भावाला आठवड्यातल्या काही रात्री ये म्हणून विचारायचं ठरवलंय, आजवर मीच विचारलं नव्हतं.

ओंजळ

उत्तर द्यायचं राहिलं होतं. बसल्यावर काही मागत नाही. दिवसभरात ज्यांच्याशी संबंध आला त्यांना एकेक करून आठवतो, ज्यांच्याशी वाकडं बोललो त्यांच्यापाशी जरा जास्त वेळ थांबतो. मग उठतो. उत्तर येत नाही, पण दुसऱ्या दिवशी त्या माणसांशी वागताना थोडा सावध असतो.

भावाला जरूर विचारा. बाकी, बघणारा नाही असं तुम्ही म्हणता आणि तो आहे असं मी मानतो. यावर आपलं एकमत व्हायची चिन्हं नाहीत, आणि त्यावाचून माझं काही अडत नाही.