मदत हवी: फास्टकॉन्स म्हणतं कन्झर्व्ड, फायलोपी म्हणतं नाही, ऐकायचं कोणाचं?

मंडळी, गोव्यातून लिहितोय, एमएस्सीचा प्रोजेक्ट चालू आहे आणि गाडी अडकलीय. डीएनएचा कुठला भाग कन्झर्व्ड, म्हणजे उत्क्रांतीत न बदलता टिकलेला, ते फास्टकॉन्स आणि फायलोपी या दोन प्रोग्रामनी शोधतोय. विषय भाताचा. आमच्याकडे खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) कोरगुट म्हणून भात होतो, मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) खारं पाणी आत शिरलं तरी तग धरतो, त्यामुळे मिठाशी संबंध असलेला जीन घ्यायचा हे ठरलेलंच होतं. एचकेटी१;५ घेतला, पहिल्या क्रोमोसोमवरचा, मुळातून वर चाललेल्या रसातलं सोडियम काढून घेतो आणि पानापर्यंत जाऊ देत नाही तो. प्रोटीनचा भाग सगळीकडे सारखाच दिसणार, त्यात काय मोठंसं, मला हवाय जीनच्या आधीचा २००० बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) पट्टा, जीन कधी नि किती चालायचा ते ठरवणारे तुकडे तिथे सापडतील म्हणून.

अलाइनमेंटमध्ये (सगळ्यांचे डीएनए अक्षराखाली अक्षर लावून मांडतात त्यात) जापोनिका, इंडिका, आफ्रिकेतला ग्लाबेरिमा आणि रुफिपोगॉन हा जंगली भात. न्यूट्रल मॉडेल (निवडीचा दाब नसताना अक्षरं किती बदलतात त्याचा अंदाज) फायलोफिट या प्रोग्रामने काढलं, कोडॉनमधल्या (एका अमिनो अ‍ॅसिडसाठीच्या तीन अक्षरांमधल्या) ज्या तिसऱ्या जागी कुठलंही अक्षर आलं तरी अमिनो अ‍ॅसिड तेच राहतं त्या जागा वापरून. आता फास्टकॉन्स चालवलं की जवळजवळ अख्खा पट्टा १ ला टेकतो, म्हणजे नक्की कन्झर्व्ड, आणि त्याच जागी फायलोपी शून्याला चिकटलेलं, म्हणजे तसा पुरावाच नाही. फास्टकॉन्सची एक्स्पेक्टेड लेंग्थ (कन्झर्व्ड तुकडा साधारण किती लांब धरायचा तो आकडा) कमी केली की तुकडे पडतात, वाढवली की परत सलग, म्हणजे उत्तर मीच ठरवतोय की काय असं वाटायला लागलंय. सर म्हणतात अजून भाताच्या जाती घाल. त्याने काही होईल का?

तिसवाडीकर: फार काही व्हायचं नाही रे. हे चारही एकाच घरातले, अक्षरं सारखी आहेत कारण बदलायला वेळच मिळाला नाही. फायलोपी प्रत्येक बेस एकटा तपासतं, फास्टकॉन्स शेजारचे बेस बघून ठरवतं, म्हणून सारखं-सारखं दिसलं की ते खूश. चारही ठिकाणी तेच अक्षर असलेल्या कॉलमला फायलोपी जास्तीत जास्त किती देतं ते बघ. तो आकडा म्हणजे पी-व्हॅल्यूचा (निव्वळ योगायोगाने असं दिसण्याच्या शक्यतेचा) उणे लॉग, त्यामुळे १.३ च्या खाली असेल तर ०.०५ ची पी-व्हॅल्यू गाठणं कुठल्याच बेसला शक्य नाही, मग डेटाच अपुरा, एक्स्पेक्टेड लेंग्थ कितीही फिरव.

त्यापेक्षा लांबचे नातलग घाल: ज्वारी, मका, राळा, ब्रॅकिपोडियम (एक रानगवत). अर्धाअधिक पट्टा अलाइनच होणार नाही, घाबरू नकोस, उरेल त्यातच खरी मजा आहे. माणूस, माउस आणि रॅट (उंदरांच्या दोन जाती) यांच्यात २००४ साली २०० बेसहून लांब, एकही अक्षर न बदललेले ४८१ तुकडे मिळाले होते, तसलं काही गवतात शोधू नकोस, इथले तुकडे बरेच आखूड. आणि ट्रान्सपोझॉन (जीनोममध्ये इकडून तिकडे उड्या मारणारे डीएनएचे तुकडे) आधी मास्क कर, म्हणजे झाकून टाक, नाहीतर भलतंच जुळेल.

प्रश्नकर्ता: कॉलम बघितला, ०.४ च्या वर जातच नाही! मक्यात एकाहून जास्त कॉपी दिसतायत, कुठली घेऊ?

तिसवाडीकर: मक्याचा जीनोम मध्यंतरी एकदा अख्खा दुप्पट झालेला, त्यामुळे असं होतं. आजूबाजूचे जीन भातासारख्याच क्रमाने असतील ती कॉपी घे. गहू इतक्यात नको, तिथे तीन-तीन सबजीनोम (वेगवेगळ्या पूर्वजांकडून आलेले जीनोमचे संच) निस्तरत बसशील.