‘जिग’, ‘गरी’ आणि ‘गळ’: तळाच्या मासेमारीतील काही शब्द

प्रश्न :
समुद्रात तळाशी राहणाऱ्या माशांसाठी घरच्या घरी शिशाचे जिग (माशाला भुलवणारे, गरी जोडलेले धातूचे तुकडे) कसे ओतावेत आणि दोरीला कसे बांधावेत, याविषयी कोकणातल्या हौशी गरवणाऱ्यांसाठी मी एक छोटी पुस्तिका मराठीत लिहीत आहे. ‘जिग’ या शब्दाऐवजी ‘गळ’ लिहावे, ‘गरी’ लिहावे, की ‘कृत्रिम आमिष’ असे काही योजावे? ‘जिग’ हाच शब्द ठेवायचा झाल्यास त्याचे लिंग कोणते धरावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ :
आपण सुचवलेल्या तिन्ही शब्दांना मराठीत आधीच नेमकी कामे आहेत, त्यामुळे त्यांपैकी एकही जिगासाठी वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘गरी’ म्हणजे केवळ वाकडा, अणकुचीदार हूक. त्यावरूनच किनाऱ्यावर ‘गरवणे’ हे क्रियापद चालते आणि मालवणीत ‘गरवूक गेलो’ असे सहज म्हटले जाते. ‘गळ’ या शब्दाचा अर्थ अधिक सैल आहे. कधी तो हुकासाठी येतो, तर ‘गळ टाकून बसणे’ या प्रयोगात काठी, दोरी आणि हूक असा सगळा सरंजाम त्यात सामावतो. जिगाला गरी जोडलेली असते, परंतु जिग म्हणजे गरी नव्हे. तो आकार दिलेला धातूचा तुकडा आहे. हा फरक पुसला, तर ‘जिगाला गरी बांधा’ हे आपल्या पुस्तिकेतील सर्वांत आवश्यक वाक्यच लिहिता येणार नाही.

‘आमिष’ या शब्दाचा मूळ अर्थ मांस असा आहे आणि गरीला लावलेल्या कोळंबीला किंवा बांगड्याच्या तुकड्याला तो चपखल बसतो. जिगात खाण्याजोगे काही नसते. तो लकाकतो, कलंडतो, जखमी माशासारखा खाली घसरतो, आणि म्हणून तांबोशी किंवा गोबरा यांसारखा शिकारी मासा त्यावर झेप घेतो. ‘कृत्रिम आमिष’ हा शब्दप्रयोग चुकीचा नाही, पण त्यात रबरी कोळंबी, पिसांची माशी, लाकडी मासा असे सगळेच येते. म्हणून प्रकाराचे नाव म्हणून तो प्रस्तावनेत एकदा यावा आणि पुढे ‘जिग’ हाच शब्द ठेवावा. कारखान्यात छिद्रे पाडताना वापरतात तो जिग वेगळा असला, तरी संदर्भामुळे गोंधळ होत नाही.

लिंगाविषयी म्हणाल, तर मी पुल्लिंग धरीन : तो जिग, अनेक जिग, जिगाला, जिगाचे. स्त्रीलिंगी मानल्यास अनेकवचन ‘जिगा’ करावे की ‘जिगी’, हा नवाच प्रश्न उभा राहतो.

प्रश्नकर्ता :
मनःपूर्वक आभार. आता ओतकाम आणि बांधणी यांचे शब्द हवे आहेत. माझ्या मसुद्यात ‘शिसवी जिग मुशीत ओतावा’ असे वाक्य आहे.

प्रतिसाद २ :
या वाक्यात दोन दुरुस्त्या हव्यात. ‘शिसवी’ म्हणजे शिसवाच्या लाकडाचे. धातूसाठी ‘शिशाचा’ असेच लिहिले पाहिजे. शिवाय ‘मूस’ हे धातू वितळवण्याचे भांडे आहे आणि आकार देतो तो ‘साचा’. मुशीत आटणी होते, साच्यात ओतणी होते. सोनारकामातला ‘आटणी’ हा शब्द येथे अगदी योग्य आहे, आणि तो वापरावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे घरगुती शेगडीवरही ते होते, आणि म्हणूनच पुस्तिकेत सावधगिरीची वाक्ये संदिग्ध असू नयेत. ‘साचा शक्यतो कोरडा असावा’ असे लिहू नका. ‘साचा पूर्ण कोरडाच हवा’ असे लिहा, कारण प्लास्टरच्या साच्यात थोडी जरी ओल राहिली, तरी तिची क्षणात वाफ होऊन तप्त शिसे उसळते आणि तोंडावर येते. आटणी उघड्यावर, मुलांपासून दूर करावी आणि ते भांडे पुन्हा स्वयंपाकात वापरू नये, हेही याच ठामपणे सांगावे.

शिसे मऊ असल्यामुळे त्याला नुसते भोक पाडून कडी अडकवली, तर मोठ्या माशाच्या ओढीने ते फाटते. म्हणून ओतण्यापूर्वीच साच्यातून स्टेनलेस स्टीलची तार आरपार ठेवतात आणि तिच्या दोन्ही टोकांना फासे वळवतात. या तारेला ‘कणा’ म्हणावे, असे मी सुचवतो.

बांधणीत दोन कड्या असतात. एक अखंड, तर दुसरी किल्ल्यांच्या जुडग्याला असते तशी दुपदरी. तंगूस, म्हणजे गरवण्याची मुख्य दोरी, अखंड कडीला बांधावी, गरीची आखूड विणलेली दोरीही त्याच कडीत अडकवावी, आणि दुपदरी कडीने जिगाचा वरचा फासा या अखंड कडीला जोडावा. अशा रचनेत माशाची ओढ गरीतून थेट तंगुशीवर जाते आणि जिगावर ताण येत नाही. मसुद्यात ‘गरी जिगाला बांधावी’ असे असेल, तर ‘गरी जिगाच्या वरच्या बाजूस, अखंड कडीत बांधावी’ असा बदल करावा. गरी वर राहिली, की खडपात अडकण्याचे प्रमाण पुष्कळ घटते. खालच्या टोकाला तीन टोकांची गरी लावणे खडकाळ तळावर मला मुळीच पसंत नाही.

प्रतिसाद १ :
कड्यांच्या या स्पष्टीकरणाशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात भर घालावीशी वाटते ती ‘वाव’ आणि ‘भांग’ या दोन शब्दांची. पसरलेल्या दोन हातांमधले अंतर म्हणजे वाव, सुमारे ६ फूट. खोली मीटरमध्ये देताना कंसात वावही द्यावी, कारण दोरी हातानेच मोजली जाते. ‘भांग’ म्हणजे अष्टमी-नवमीच्या सुमारास येणारी मंद भरती-ओहोटी. त्या दिवसांत पाण्याची ओढ कमी असल्याने १० वाव पाण्यात ६० ग्रॅमच्या आसपासचा जिगही सरळ तळ गाठतो. उधाणात तोच जिग वाहून जातो आणि दोरी तिरकी होते. ‘कमी प्रवाहाचे दिवस’ असे लांबलचक लिहिण्यापेक्षा ‘भांगाचे दिवस’ लिहिल्यास किनाऱ्यावरच्या वाचकाला तिथीसुद्धा कळते.

जिग वर-खाली हलवण्याच्या क्रियेला ‘हिसके देत गरवणे’ म्हणता येईल. ‘झटका’ हा शब्द मी टाळतो, कारण मासा लागल्यावर गरी रुतवण्यासाठी द्यायचा तो झटका, आणि या दोन क्रिया वाचकाने वेगळ्या ओळखल्या पाहिजेत.