नाव नसलेला जुना गोटी सेट, कंपनी कशी ओळखायची?

खानापूरकर:
नमस्कार मंडळी. मामांचं गॅरेज बंद केलं आणि तिथला जुना गोटी सेट (सॉकेट सेट, नट-बोल्ट खोलायचा) मी घरी घेऊन आलोय. पत्र्याची पेटी, हिरवा रंग बराच उडालाय, आत रॅचेट (गोटी फिरवायचा दांडा), टी हँडल, एक्स्टेन्शन आणि गोट्या, सगळ्या बारा पॉइंटच्या म्हणजे आत बारा खाचा, काळपट, क्रोम नाही. कंपनीचं नाव कुठंच नाही. गोट्यांवर नुसतं माप पंच केलंय, १/४, ५/१६, ७/१६, १/२ असं, ३/८ ची जागा रिकामी. रॅचेटचा गोटी बसते तो चौकोन व्हर्नियर लावून मोजलो, १२.७ एमएम भरला म्हणजे हाफ इंची. पण १/४ लिहिलेल्या गोटीत १३ चं नट जातंय, ते पण जरा ढिलं, हे काय कळेना झालंय. पाव इंच म्हणजे सहा-साडेसहा एमएम नको का? मामा गुऱ्हाळावरची इंजिनं आणि जुन्या बुलेट ह्याच सेटनं खोलायचे. विकायचा नाही, पण कुणी बनवलाय ते कळलं तर पेटीत चिठ्ठी लिहून ठेवावी म्हणतोय. सांगा की कुणीतरी.

निपाणी_गॅरेज:
भावा स्नॅप-ऑन असणार बघ, अमेरिकन कंपनी. बेळगावात मिल्ट्री आहे, लिलावात जीपबरोबर आलेला सेट असेल. महायुद्धात क्रोम मिळत नव्हतं म्हणून काळ्या गोट्या काढायचे, तेव्हाचाच तो.

उद्यमबाग_फिटर:
क्रोमचं बरोबर आहे पण नुसत्या काळ्या रंगावरनं युद्धातला म्हणता येत नाही, स्वस्तातला माल आधी पण काळाच यायचा आणि नंतर पण. खरी खूण खानापूरकरांनी स्वतःच दिलीय, १/४ च्या गोटीत १३ चं नट. हा व्हिटवर्थ सेट आहे, म्हणजे जुन्या इंग्लिश मापांचा. व्हिटवर्थमध्ये गोटीवर नटाचं माप नसतं, बोल्टच्या दांड्याचं असतं, दांडा पाव इंच आणि नट सपाट बाजूनं ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ एमएम. ५/१६ ची गोटी मोजा, १५.२ च्या आसपास येईल, ७/१६ ची २०.८, १/२ ची २३.४. गोटी नेहमी नटापेक्षा केसभर मोठी असते ते धरून चला. अमेरिकन सेट असता तर १/२ लिहिलेल्या गोटीत १२.७ चं नट बसलं असतं, जीपला तसलेच लागतात. मामा जुनी बुलेट आणि इंजिनं बघायचे म्हणताय, त्यांना हीच मापं.

म्हणून अमेरिका बाजूला ठेवा, त्यांनी पण व्हिटवर्थ गोट्या थोड्या काढल्यात पण त्यावर नाव असतंय. राहिलं इंग्लंड, जर्मनी आणि आपल्याकडचा जालंधर-लुधियानाचा माल. ब्रिटूल, किंग डिक ह्या इंग्लंडच्या कंपन्या नाव पंच करायच्या. गेडोरे तर जर्मनीतल्या रेमशाइडच्या दोविदात भावांनी १९१९ ला काढलेली कंपनी, ते पण नाव मारतात. नाव नसलेला माल बहुतेक वेळा कारखान्यानं दुसऱ्या कुणासाठी करून दिलेला असतो, त्यामुळं एकाच सेटमध्ये गोट्या एकाच्या आणि रॅचेट दुसऱ्याचं असं पण असतंय.

आता बघायचं काय ते सांगतो. गोटीच्या आत टॉर्च मारा. बारा खाचा जिथं संपतात तिथं खाली गोल रुंद खोबण दिसली तर ती थंड लोखंडात ब्रोच (खाचा कापायचं दातेरी हत्यार) मारून केलेली, कीस पडायला ती जागा सोडतात. खोबण नसली तर तापवून ठोकलेली. प्रत्येक गोटी बघा, सगळ्या एकाच पद्धतीच्या असल्या तर सेट मूळचा. मग आकडे बघा, ५ आणि ७ चं वळण सगळ्यांवर सारखं आहे का. आणि रॅचेटच्या दांड्यावर ग्रीस साठलेलं असणार, ते रॉकेलनं भिजवून फडक्यानं पुसा. वायर ब्रश, एमरी, बफिंग काय बी लावू नका हो, हात जोडतो. पुसट पंच एकदा घासला गेला की गेलाच. कितीतरी चांगले पाने लोकांनी चकाचक करून वाया घालवलेत, बघून जीव तुटतो.

खानापूरकर:
काका मापं तंतोतंत आली! खोबण सगळ्या गोट्यांत आहे, फक्त १/२ मध्ये नाही, आणि तिचा २ पण वेगळा दिसतोय, शेपूट सरळ. रॅचेट रात्रभर भिजवलो, दांड्याच्या आतल्या बाजूला मेड इन इंग्लंड निघालं, तिरकं धरलं तरच दिसतंय. पुढं मागं काही नाही. मग ब्रिटूलच म्हणायचं का?

उद्यमबाग_फिटर:
वा! पण नाही, ब्रिटूल म्हणू नका. मेड इन इंग्लंड म्हणजे देश कळला, कंपनी नाही कळली. ते पण रॅचेटपुरतं, गोट्यांवर तो शिक्का नाही. चिठ्ठीत एवढंच लिहा: व्हिटवर्थ, हाफ इंची, रॅचेट इंग्लंडचं, गोट्या बिननावाच्या, १/२ ची गोटी नंतर घातलेली. उद्या कुणाकडं असलाच सेट नावासकट निघाला तर रॅचेट शेजारी ठेवून बघा, कळ दाबायची जागा, प्लेटचे स्क्रू, दांड्याची जाडी, ते जुळलं तर नाव लिहायला मोकळे. मामांना पण विचारा, १/२ ची कुठनं आणली ते त्यांना आठवत असेल.

निपाणी_गॅरेज:
मग जीपचं माझं सोडा. ३/८ ची माझ्याकडं पडलेल्यात हुडकतो, हाय वाटतंय एक.

उद्यमबाग_फिटर:
तोवर ३/८ ला १८ ची गोटी घाला, ०.७१० इंच म्हणजे १८.०३ एमएम, बरोबर बसते. बाकीच्या मापांना मात्र मेट्रिक लावू नका, कोपरे झिजतात.