मदत हवी आहे: परवान्यासोबत अग्निशमन शुल्क घेतात, पण बंबाला चालक नाही. अंदाजपत्रकाच्या सभेआधी काय करता येईल?

नमस्कार मंडळी,

प्रश्न नगरपरिषदेचा आहे आणि जरा लांबलाय. इथे नगरपालिकेत नोकरी केलेले आणि वकिलीतले बरेच जण आहेत, म्हणून इथेच विचारतोय. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. मराठवाड्यातलं 'क' वर्ग नगरपरिषदेचं गाव समजा.

आमचं मंगल कार्यालय आहे, वडिलांनी बांधलेलं. खाली हॉल, मागे स्वयंपाकाची शेड, वर वऱ्हाडासाठी खोल्या. दरवर्षी व्यवसाय परवान्याचं नूतनीकरण होतं आणि त्यासोबत अग्निशमन शुल्काची वेगळी पावती फाडतात. यंदा टेबलावरच्या साहेबांनी सांगितलं, 'फॉर्म ब जोडल्याशिवाय फाइल पुढे जाणार नाही.' त्याबद्दल माझी तक्रार नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे मालकाने किंवा ताबेदाराने दर जानेवारीत आणि जुलैत लायसन्सधारक एजन्सीकडून तपासणी करून तो फॉर्म, म्हणजे आगीची यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, द्यायचाच असतो. लग्नाला सातशे-आठशे माणूस आत असतं, नियम हवाच.

तक्रार पुढची आहे. दिवाळीनंतर गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीला आग लागली. आमच्या नगरपरिषदेचा बंब हललाच नाही. चालक पाण्याच्या टँकरवर होता, कारण दोन्ही गाड्यांना मिळून तो एकच. बंब आला तो शेजारच्या तालुक्यातून, तोवर गंज बसली होती. माणसाला इजा झाली नाही हे नशीब. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बंब बघून आलो. नगरपरिषदेच्या मागच्या आवारात लिंबाखाली उभा आहे. मागचं उजवं चाक बसलेलं, होजच्या कप्प्याचं दार सुतळीने बांधलेलं, आणि पंपाच्या मीटरची काच फुटून आत गांधीलमाशांचं घर. गणपती विसर्जन आणि मंत्र्यांचा दौरा, एवढ्याला तो बाहेर निघतो.

चार वर्षं प्रशासक होते, तेव्हा विचारायचं कुणाला हाच प्रश्न होता. डिसेंबरात निवडणूक झाली, नगराध्यक्ष आले, समित्या बसल्या. अग्निशमन आमच्याकडे आरोग्य समितीला जोडलंय. सभापतींना भेटलो. माणूस चांगला आहे, चहा पाजला आणि म्हणाला, 'विषय माझ्याकडे आहे हो, पैसा नाही.' परवाना विभाग म्हणतो, शुल्क आम्ही फक्त गोळा करतो, खर्चाचं लेखा विभागाला विचारा. लेखा विभाग म्हणतो, तरतूद आहे. तरतूद आहे तर चालक का नाही, यावर सगळे मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनकडे बोट दाखवतात आणि साहेब जिल्ह्याला मीटिंगला गेलेले असतात.

आता अंदाजपत्रकाची विशेष सभा लागणार आहे. आमच्यासारखे परवानाधारक, म्हणजे लॉजवाले, हॉटेलवाले, आडत दुकानदार, सगळ्यांनी मिळून काही मांडावं असं ठरतंय. मला विचारायचंय ते असं. या शुल्काचा पैसा अंदाजपत्रकात कुठे दिसतो आणि तो कसा शोधायचा? सभेत नागरिकाला बोलता येतं का? चालक भरायचा अधिकार नेमका कुणाचा? आणि शेवटचं, जे आमच्यातला प्रत्येक जण दबक्या आवाजात विचारतो: हे सगळं करताना माझी नूतनीकरणाची फाइल अडकवली तर काय करायचं? लग्नसराई तोंडावर आहे.

आग्या वेताळ
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: अडकवतील. बाकीच्या प्रश्नांना शुभेच्छा.

जुना हिशेबनीस
वेताळराव, घाबरवू नका त्यांना.

धागाकर्ते, माझी सगळी नोकरी नगरपरिषदेच्या लेखा विभागात गेली, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. 'तरतूद आहे' या उत्तराला काडीचा अर्थ नाही. अंदाजपत्रकाच्या पुस्तकात प्रत्येक लेखाशीर्षासमोर, म्हणजे जमा-खर्चाच्या प्रत्येक ओळीसमोर, बरेच रकाने असतात: मागच्या वर्षीची प्रत्यक्ष रक्कम, चालू वर्षाचा मंजूर अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. लोक शेवटचा रकाना वाचून टाळ्या वाजवतात. तुम्ही फक्त 'प्रत्यक्ष' बघा. अग्निशमनाला दरवर्षी तीच तरतूद छापलेली आणि प्रत्यक्षात खर्च डिझेलपुरता, असं दिसलं तर समजायचं की ती रक्कम वर्षाअखेर पुनर्विनियोजनात, म्हणजे एका कामाची तरतूद दुसऱ्याला वळवताना, दुसरीकडे जाते. बहुधा रस्ते-गटारांत. सभेत तो विषय 'इतर विषय'मध्ये पटकन मंजूर होतो, कुणी वाचतही नाही.

दुसरं, जमेची बाजू. अग्निशमन शुल्क कुठल्या शीर्षाला जमा होतं ते बघा. वेगळी ओळ असेल तर तुमचं काम सोपं. 'परवाना फी व इतर' अशा पोतडीत टाकलं असेल तर पहिली मागणी हीच करा, की ही जमा वेगळी दाखवा. ही मागणी नाकारायला कुणाकडे कारण नसतं, कारण तिला एक रुपया लागत नाही. माझ्या अनुभवात नगरपरिषदेकडून पैसा मागण्याआधी ओळ मागावी. एकदा ओळ छापली की पुढच्या वर्षी नगरसेवकच विचारतात, एवढे जमले, खर्च कुठेय?

चालकाचं. आकृतिबंधातली, म्हणजे नगरपरिषदेच्या कायम नोकरवर्गाच्या आराखड्यातली, पदं शासन मंजूर करतं. अग्निशमन अधिकाऱ्याचं पद राज्य संवर्गात येतं, 'महाराष्ट्र नगरपरिषद अग्निशमन सेवा' असा संवर्गच आहे, त्यामुळे अधिकारी द्या म्हणून स्थानिक सभेत कितीही ओरडलात तरी तो तिथून मिळणार नाही. पण बंबाला कंत्राटी चालक आणि दोन फायरमन बाह्यस्रोतातून घ्यायचे तर तरतूद तुमची सभाच करू शकते. मागणी तेवढीच ठेवा. सोबत टायर, बॅटरी आणि पंपाची दुरुस्ती. नवीन बंब मागू नका. नवीन बंब मागितला की प्रस्ताव शासनाकडे जातो, सगळ्यांचे हात वर होतात आणि जुना लिंबाखालीच राहतो.

पावशेर
नवीन बंबाचं मात्र अगदीच सोडू नका. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटींची योजना आणली होती, २०२३ मध्ये जाहीर झाली. पैसा राज्यामार्फत येतो. आपल्या नगरपरिषदेने काही प्रस्ताव पाठवला होता का, एवढं विचारून ठेवा.

मांडवीकाठचा
गोव्यातून लिहितोय. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफड्याच्या नाईटक्लबला आग लागली, २५ जण गेले. बहुतेक तिथे राबणारेच होते. परवान्याची मुदत संपलेली असताना क्लब चालू होता, हे दंडाधिकारी चौकशीत पुढे आलं. त्यानंतर आमच्याकडे प्रत्येक पंचायतीत परवान्यांच्या फायली बाहेर निघाल्या. सांगायचा मुद्दा हा, की आत्ता या विषयावर अर्ज आला तर सहीचा माणूस तो सहज बाजूला टाकणार नाही. उद्या काही घडलं तर त्या अर्जावरची आवक क्रमांकाची तारीखच त्याला भोवते. अर्ज द्या, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

सुगरण काकू
बाकी सगळं ठीक आहे, पण दादा, तुमच्या कार्यालयाला मागून दुसरं दार आहे का? आमच्या पुतण्याच्या लग्नात हॉलचं मागचं दार उघडं होतं, पण त्याच्यासमोर केटररने ताटांचे क्रेट रचलेले होते. तेव्हापासून मी कुठल्याही लग्नात आधी दार बघते, मग नवरी.

धागाकर्ता
काकू, आहे. सहा फुटी, बाहेर उघडणारं, कार्यक्रम असताना कुलूप नसतं. केटररच्या करारात दारासमोर सामान ठेवायचं नाही ही अट यंदापासून घालतो, चांगलं सुचवलंत.

हिशेबनीस साहेब, 'आधी ओळ मागावी' हे डोक्यातच आलं नव्हतं. अंदाजपत्रकाचं पुस्तक बघायला मिळेल का? वेबसाइटवर तीन वर्षांपूर्वीचं आहे, तेही तिरकं स्कॅन केलेलं.

वकीलसाहेब_लातूर
मिळेल, आणि अर्ज न करताही. शासनाचा २६ नोव्हेंबर २०१८ चा निर्णय आहे: स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख बघू द्यायचे. निर्णयाची प्रत सोबत न्या, कारण टेबलावर बसलेल्याने तो ऐकलेला असेलच असं नाही. दोघं-तिघं जा. एकाने वाचायचं, एकाने उतरवायचं.

प्रती हव्या असतील तर माहिती अधिकार. आपल्या राज्याच्या नियमांनुसार अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. पण तीस दिवसांत तुमची सभा होऊन जाईल, म्हणून आधी सोमवार.

सभेबद्दल. नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेला प्रेक्षक म्हणून बसता येतं, बोलता येत नाही. स्थायी आणि विषय समितीला तेही नाही. त्यामुळे बोलणारा नगरसेवक तुम्हालाच शोधावा लागेल. माझा सल्ला: एकच धरू नका, सत्तेतला एक आणि विरोधातला एक, दोघांना तोच कागद द्या. विरोधकाने एकट्याने मांडलं तर ते राजकारण होतं. कागदावर १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातलं कलम ४९ लिहा. आग विझवणं आणि धोकादायक धंद्यांवर नियंत्रण ठेवणं, ही दोन्ही कामं त्यात नगरपरिषदेच्या आवश्यक कर्तव्यांत येतात. ऐच्छिक नाहीत. परवाना घेताना हे कलम आठवतं आणि बंबाच्या वेळी विसरतं, हे त्यांच्याच नगरसेवकाच्या तोंडून आलेलं बरं.

आता फाइल अडकण्याची भीती. व्यवसाय परवाना आणि अग्निशमन ना-हरकत, दोन्ही सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित आहेत. नूतनीकरणाचा अर्ज हातोहात देऊ नका, ऑनलाइन करा, म्हणजे क्रमांक आणि तारीख मिळते. मुदत कार्यालयात फलकावर लावलेली असली पाहिजे, त्याचा फोटो काढून ठेवा. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला की तीस दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, तिसरं थेट सेवा हक्क आयोगाकडे. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. रक्कम फुटकळ वाटेल, पण नोंद कारकिर्दीला चिकटते, म्हणून टरकतात.

आणि बंबाचं निवेदन तुमच्या एकट्याच्या नावाने देऊ नका. व्यापारी संघटनेच्या लेटरहेडवर द्या, खाली पंधरा-वीस सह्या. वीस फायली अडकवायची कुणाची छाती होत नाही.

आग्या वेताळ
वकीलसाहेब, हे मात्र पटलं. शब्द मागे घेतो.

धागाकर्ते, फॉर्म ब वाल्याकडे लक्ष असू द्या. आमच्याकडे एजन्सीचा माणूस जिल्ह्याच्या गावातून व्हॉट्सॲपवर फोटो मागवतो आणि सही करून कुरिअरने पाठवतो. त्याला आग विझवायचं सिलिंडर उचलून काटा बघायचा नसतो. काटा लाल पट्ट्यात गेलेले सिलिंडर त्या फॉर्मवर 'सुस्थितीत' असतात.

जुना हिशेबनीस
अगदी. आणि परवाना विभागही तो फॉर्म उघडून बघत नाही, फाइलला टाचतो. कागद पूर्ण, विषय संपला. तुमच्या निवेदनात हाही मुद्दा घ्या, की येणाऱ्या फॉर्मपैकी काहींची तरी प्रत्यक्ष पाहणी व्हावी. पण त्याला अधिकारी लागतो आणि तुमच्याकडे तो नाही. आमच्या नगरपरिषदेत पात्र अधिकारी नव्हता तेव्हा मोठ्या इमारतींच्या फायली मुंबईला अग्निशमन सेवा संचालनालयाकडे जायच्या. म्हणून सांगतो, हा मुद्दा शेवटी ठेवा, आधी चालक.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. काल रात्री बसून निवेदनाचा मसुदा केला, बघा:

'अग्निशमन शुल्काची जमा अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्षाखाली दाखवावी. मागील तीन वर्षांची अग्निशमनावरील तरतूद व प्रत्यक्ष खर्च सभेपुढे ठेवावा. बंबासाठी स्वतंत्र कंत्राटी चालक व दोन फायरमन यांची आणि टायर, बॅटरी, पंप दुरुस्तीची तरतूद करावी. या तरतुदीचे पुनर्विनियोजन करायचे झाल्यास तो विषय सभेच्या विषयपत्रिकेवर स्वतंत्र क्रमांकाने घ्यावा. कलम ४९ नुसार हे नगरपरिषदेचे आवश्यक कर्तव्य आहे.'

याखाली 'जिनिंगच्या आगीत बंब का आला नाही याचा खुलासा करावा' असंही लिहिलंय. ठेवू का?

वकीलसाहेब_लातूर
काढा. 'का' विचारलंत की सगळी सभा चालकाच्या त्या दिवसाच्या ड्यूटीवर जाईल. एखाद्या कंत्राटी पोराला नोटीस निघेल आणि तुमच्या चारही मागण्या पुढच्या सभेवर. तो दिवस हवाच असेल तर बंबाच्या लॉगबुकची प्रत वेगळ्या अर्जाने मागा.

जुना हिशेबनीस
सहमत. आणि 'मागील तीन वर्षांची'च्या जागी 'मागील पाच' करा. प्रशासकाआधीचं एक वर्ष त्यात यायला हवं. नाहीतर आत्ताचे म्हणतील, ते सगळं प्रशासकाच्या काळातलं.

धागाकर्ता
दोन्ही बदल केले. सोमवारी तीनला चौघं जाऊन पुस्तक बघतोय, जमा कुठल्या शीर्षाला आहे ते इथेच लिहितो. सत्तेतले एक नगरसेवक तयार आहेत, त्यांचं स्वतःचं लॉज आहे. विरोधातल्या बाई म्हणाल्या, कागद आधी दाखवा.

तोवर एक: परभणी-नांदेड पट्ट्यात फॉर्म ब साठी प्रत्यक्ष येऊन सिलिंडर तपासणारी एजन्सी कुणाच्या माहितीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.