सिमेंटने हाड भाजतं म्हणून ऑपरेशन टाळायचं?

ओटीतली ताई: परवा इथे 'मुळशीकर' यांनी लिहिलं, "गुडघ्यात भरायचं सिमेंट शंभर डिग्रीला तापतं, हाड आतून भाजून निघतं, डॉक्टर हे लपवतात." ते वाचून आमच्या शेजारच्या काकू पुढच्या आठवड्याचं ऑपरेशन रद्द करा म्हणून लेकाच्या मागे लागल्यात. हे सिमेंट म्हणजे कृत्रिम सांधा हाडाला घट्ट बसवणारं मिश्रण. अठरा वर्षं मी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, ते कालवतेय, म्हणून सविस्तर लिहिते.

पावडरमध्ये द्रव ओतला की मिश्रण आपोआप तापतं, हे खरं. घट्ट झालं का ते कळावं म्हणून सर्जन उरलेला गोळा हातात धरतात. आधी मऊ कणकेसारखा असतो, मग असा तापतो की हातात धरवत नाही. प्रयोगशाळेत अशा गोळ्याचं तापमान 70 ते 120 डिग्री भरतं. पण हाडावर गोळा नसतो, काही मिलिमीटरचा थर असतो. त्याची उष्णता सांध्याचा धातू आणि रक्त ओढून घेतात. रुग्णांच्या हाडात मोजली तेव्हा ती बहुतेक 40 ते 56 डिग्री भरली.

मुळशीकर: 47 डिग्रीला एक मिनिट राहिलं तरी हाडाला इजा होते, हे 1983 मध्येच सशांवरच्या प्रयोगात दिसलं. तुमचाच 56 चा आकडा त्याच्या वर आहे. आणि गुडघ्याला मांडीवर पट्टा आवळून रक्त थांबवतात ना? मग उष्णता ओढून घ्यायला रक्त येतं कुठून?

ओटीतली ताई: पट्ट्याचं बरोबर आहे, ते मी लिहायला हवं होतं. पण कडेच्या काही पेशी मरणं वेगळं आणि हाड भाजून निघणं वेगळं. म्हणूनच थर पातळ ठेवतात, हाड सलाईनच्या फवाऱ्याने धुतात. करवतीच्या पात्यावरही सलाईन सोडावं लागतं, कारण कोरडं पातं स्वतःच हाड तापवतं. त्याबद्दल तुम्ही एक ओळ लिहिली नाहीत!

नाशिकचा दादा: उष्णतेचं राहू द्या, बिलाचं बोला. ऑगस्ट 2017 मध्ये सरकारने कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूच्या कृत्रिम गुडघ्याची कमाल किंमत 54,720 रुपये ठरवली. वडिलांच्या वेळी गुडघा त्या भावात मिळाला आणि बाकीच्या ओळी फुगल्या. सिमेंटची दोन पाकिटं लावली होती. दुसरं कुठे गेलं विचारलं, तर कोणी धड उत्तर दिलं नाही.

साताऱ्याची लेक: दादा, तुमचं दुःख खरं आहे, पण विषय तो नाही.

नाशिकचा दादा: ज्याने पैसे मोजले त्याला विचारा विषय कोणता ते! पेन्शनीतून हप्ते गेलेत आमचे.

ओटीतली ताई: पाकिटं दोन लागूही शकतात. पण विचारल्यावर सांगायलाच हवं होतं.

मुळशीकर: म्हणूनच म्हणतो, सिमेंटशिवायचा सांधा घ्या. उष्णता नाही, पाकिटं नाहीत.

साताऱ्याची लेक: तेच ऐकून आम्ही फसलो. बाबांचा खुबा, वय 79, हाड ठिसूळ. सिमेंटशिवायचा दांडा ठोकताना मांडीचं हाड चिरलं. वर तार गुंडाळावी लागली, तीन महिने पाय टेकवायचा नाही. आईचा गुडघा सिमेंटचा आहे, चौदा वर्षं झाली. अजून रोज मंडईत चालत जाते. तुमचा 47 चा आकडा मी आईला सांगू का?

मुळशीकर: एका आईवरून शास्त्र ठरत नाही.

साताऱ्याची लेक: आणि सशांवरून माझ्या बाबांचं ठरतं? सिमेंट 1960च्या आसपास इंग्लंडमध्ये चार्नली या सर्जननी खुब्यात वापरायला लागल्यापासून माणसं चालतायत. लोकांना घाबरवायच्या आधी तेवढं तरी वाचा!

मुळशीकर: आवाज चढवू नका. ठिसूळ हाडाचं मान्य. 'भाजून निघतं' हे शब्द मागे घेतो. 'लपवतात' मागे घेणार नाही. माझ्या ऑपरेशनआधी मला कोणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

ओटीतली ताई: ते सांगायला हवं होतं, यात वाद नाही. काकूंनाही सांगते, करवतीवर सलाईन सोडता का, हाड कसं धुता, पट्टा किती वेळ ठेवता, हे सर्जनना विचारा म्हणून. ऑपरेशन मात्र रद्द करू नका म्हणणार.

नाशिकचा दादा: आणि किती पाकिटं उघडणार, तेही विचारायला सांगा.